वंदना संपल्यानंतरचा दिवस : नोकरी-संसारात धम्म कसा आचरावा

लहानपणी आमच्या घरी दर रविवारी सकाळी बुद्धवंदना व्हायची. आई मेणबत्ती-अगरबत्ती लावायची, बाबा खड्या आवाजात 'नमो तस्स' सुरू करायचे आणि आम्ही भावंडं मागोमाग त्रिशरण-पंचशील, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाण्याच्या आणि सदाचाराच्या पाच नेमांच्या ओळी, म्हणायचो. 'साधु, साधु, साधु' झालं की चटई गुंडाळायची. पाच मिनिटांत त्याच खोलीत कुणीतरी कुणाला टाकून बोललेलं असायचं. पाली उच्चार आमचे चोख होते. पण म्हटलेल्याचा पुढच्या दिवसाशी काय संबंध, हे कुणी दाखवलं नव्हतं.

तो संबंध लावायला मला बरीच वर्षं लागली. मी बँकेत काउंटरवर बसते, बदलापूरहून लोकलने जाते-येते, घरी सासूबाई, नवरा आणि दोन मुलं. पुढे जे सांगते आहे ते या सगळ्या धबडग्यात करून पाहिलेलं आहे. त्यासाठी सकाळी वीस मिनिटं आणि रात्री दहा मिनिटं लागतात. विकत काही आणावं लागत नाही.

सुरुवातीला दोन शब्द नीट समजून घ्या

पंचशीलाची प्रत्येक ओळ 'वेरमणी सिक्खापदं समादियामि' अशी संपते. 'सिक्खापद' म्हणजे शिक्षापद, शिकण्याची पायरी. 'समादियामि' म्हणजे मी स्वीकारतो, स्वीकारते. वरून कुणी हुकूम सोडलेला नाही. मोडला म्हणून पाप लागेल, कुणी शिक्षा करील, असं त्यात कुठेच नाही. आपणच आपल्या तोंडाने म्हणतो की हे मी शिकायला घेते. शिकणाऱ्याचं चुकणारच. चुकलं की पुन्हा तीच पायरी.

दुसरा शब्द 'सती'. संस्कृतातली 'स्मृती' पालीत 'सती' होते. आठवण राहणं, भान राहणं. हल्ली ऑफिसांतून 'माइंडफुलनेस' नावाने शिकवतात त्याचं मूळ हेच. मात्र बुद्धांनी सांगितलेल्या आठ अंगांच्या मार्गात, अष्टांगिक मार्गात, सम्यक (योग्य) स्मृती सातव्या जागी आहे, आणि तिच्या आधी सम्यक वाचा, सम्यक कर्मान्त, सम्यक आजीविका येतात, हे तिथे सहसा सांगत नाहीत. कुलूप फोडणारा चोरसुद्धा अगदी एकाग्र असतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की शील बाजूला ठेवून नुसतं श्वासाकडे बघत बसलं, तर फार तर डोकं शांत होईल. वागणं तेच राहील.

पहाट : मोबाइलच्या आधी

उठल्यावर तोंड धुवून, मोबाइलला हात न लावता बसा. त्रिशरण-पंचशील मोठ्याने म्हणा, पण निम्म्या वेगाने. प्रत्येक ओळीनंतर एक श्वास थांबा आणि मनात मराठी अर्थ आणा. जीवहिंसेपासून दूर राहण्याचं शिक्षापद मी घेते. न दिलेलं घेण्यापासून दूर राहण्याचं घेते. कामवासनेच्या दुराचारापासून, खोटं बोलण्यापासून, बेसावध करणाऱ्या दारू-नशेपासून. पाठ असलेली गोष्ट हळू म्हणणं अवघड जातं. जीभ आपोआप पळते. तिला आवरणं हीच दिवसातली पहिली सती.

यानंतर पाचांतलं एकच शील आठवड्यासाठी निवडा. पाच आठवड्यांत एक फेरी होते, मग पुन्हा पहिलं. पाचही एकदम धरायला गेलं की एकही धरलं जात नाही, हा माझा अनुभव. वाचेचं शील मी दोन आठवडे ठेवते, कारण माझं सगळ्यात जास्त तिथेच चुकतं.

फुलं वाहत असाल तर पुष्पपूजेची गाथा अर्थासह म्हणा. 'पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं.' हे फूल जसं कोमेजतं तसा हा देहही नाशाकडे जातो. आणि कालचं फूल स्वतःच्या हाताने उचला. आमच्याकडे झेंडू असतो. वरून केशरी दिसतो, पण देठाशी बोट लावलं की गार, बुळबुळीत लागतो आणि पाकळ्या एकगठ्ठा हातात येतात. अनित्यतेवर तासभर प्रवचन ऐकण्यापेक्षा ते अर्धं मिनिट मला जास्त शिकवून जातं.

दहा मिनिटं आनापान

'आन' म्हणजे आत येणारा श्वास, 'अपान' बाहेर जाणारा. पद्धत साधी आहे. चटईवर घडी घातलेली गोधडी ठेवून बसा, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहते आणि पाठ आपसूक सरळ होते. मांडी जमत नसेल तर खुर्चीवर, दोन्ही तळपाय जमिनीला टेकवून. डोळे मिटा. नाकपुड्यांच्या कडा आणि वरचा ओठ यांच्यामधल्या एवढ्याशा जागेवर लक्ष ठेवा. श्वास आत येताना तिथे किंचित गार लागतो, जाताना किंचित कोमट. श्वास लांब घ्यायचा नाही, रोखायचा नाही. तो प्राणायाम झाला. इथे श्वास जसा आहे तसा बघायचा.

तिसऱ्या-चौथ्या श्वासाला मन पळेल. गॅस बंद केला का, मुलाची फी भरायची राहिली. 'पळालं' एवढं लक्षात आलं की परत नाकाशी या, स्वतःवर न चिडता. मन पळालं हे ज्या क्षणी कळतं तो क्षण वाया गेला असं लोक समजतात, पण सती म्हणतात ती त्याच क्षणाला. दहा मिनिटांत चाळीस वेळा पळालं आणि चाळीस वेळा परत आणलं, तर चाळीस वेळा सराव झाला. अगदीच टिकत नसेल तर श्वास मोजा. जुने पाली भाष्यकार बुद्धघोष यांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात मोजण्याची सोय दिली आहे : पाचाच्या आत थांबायचं नाही, दहाच्या पुढे जायचं नाही. विपश्यनेच्या शिबिरांत मात्र मोजू देत नाहीत, तेव्हा तिथे गेलात तर तिथलं ऐका.

झोप येत असेल तर डोळे उघडा, उठून तोंडावर पाणी मारा. उलट काही जणांचं ध्यान म्हणजे दात-ओठ खाऊन केलेली कसरत होते. सोण नावाचा भिक्षू चालून चालून तळपाय फुटेपर्यंत साधना करत होता आणि हाती काही लागत नाही म्हणून घरी परतायच्या विचारात होता. तो पूर्वी उत्तम वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा सुरात लागते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. तुझ्या प्रयत्नाचंही तसंच जुळव, एवढंच त्यांनी सांगितलं.

हे सहा महिने रोज झालं आणि खोलवर शिकावंसं वाटलं, तर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करावं. इगतपुरीचं धम्मगिरी 1976 पासून सुरू आहे. तिथे पहाटे चारची घंटा असते, दिवसाचं दहा तासांच्या आसपास बसणं असतं आणि मौन पाळावं लागतं. फी नसते; आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. मानसिक आजारावर औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात ते लिहा. ते लपवून जाऊ नका.

दिवसभराच्या खुंट्या

सकाळचं भान दहा वाजेपर्यंत टिकत नाही. त्याला अधूनमधून अडकवायला खुंट्या लागतात. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे भान ठेवण्याबद्दलच्या उपदेशात, बुद्धांनी त्या दिलेल्याच आहेत : पुढे जाताना, मागे येताना, हातपाय वाकवताना, पसरताना, चीवर (भिक्षूचं वस्त्र) नेसताना, खाताना, पिताना, चावताना, अगदी मलमूत्र विसर्जन करताना, बोलताना आणि गप्प असताना. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आहे आणि तिच्यातली एकही गोष्ट आपल्या दिवसातून वगळलेली नाही.

यातल्या तीनच निवडा. माझ्या तीन सांगते. एक, चपला घालताना : उभं राहून घाईत पाय कोंबण्याऐवजी दोन्ही चपला नीट पाहून घालायच्या. दोन, लोकल. लेडीज डब्यात श्वास बघायला नाक मोकळं मिळालं तरी पुष्कळ, म्हणून मी तळपाय धरते. कल्याण सुटलं की डोंबिवली येईपर्यंत लक्ष तळपायांवर : वजन कुठल्या पायावर आहे, गाडीने हिसका दिला की टाच कशी दाबली जाते, कुणाची बॅग पोटरीला घासते आहे. डोंबिवलीला आत येणारा लोंढा त्या लक्षासकट अंगावर घ्यायचा. पहिल्या महिन्यात एकदाही पूर्ण स्टेशनभर जमलं नाही. तीन, काउंटरवर पुढचा टोकन नंबर दाबण्याआधी एक पूर्ण श्वास. एकच. रांगेतल्या माणसाला तो कळतही नाही.

जेवताना एकच करा : पहिले पाच घास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवून, चव ओळखत खा. कोसल देशाचा राजा प्रसेनजित पायलीभर भात खाऊन धापा टाकत बुद्धांकडे आला, तेव्हा त्यांनी एक गाथा म्हटली : जो भान ठेवून, मोजकं जेवतो त्याच्या वेदना हलक्या होतात, वार्धक्य सावकाश येतं. राजाने सोबतच्या सुदस्सन नावाच्या तरुणाला सांगितलं की मी जेवायला बसलो की ही गाथा म्हणत जा, रोजचे शंभर कहापण (त्या काळची नाणी) देईन. हळूहळू राजाचं जेवण मापात आलं. त्याला आठवण करून द्यायला पगारी माणूस होता, आपल्याला पहिले पाच घास आहेत.

वाचा : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

काउंटरवर एक वाक्य माझ्या तोंडात बसलं होतं : 'सर्व्हर डाऊन आहे.' कधी तो खरंच डाऊन असायचा. पण साडेतीननंतर एखादे आजोबा तीन पासबुकं घेऊन आले, किंवा फॉर्ममध्ये चार चुका करून कुणी उभं राहिलं, की तेच वाक्य निघायचं. ते बिचारे 'बरं, उद्या येतो' म्हणून जायचे. मुसावादाच्या, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शिलाच्या, आठवड्यात मी ठरवलं की खोटं बोललं की कागदावर एक रेघ ओढायची. पहिल्याच दिवशी सात रेघा. चार सर्व्हरच्या, एक फोनवर 'निघालेच आहे' म्हटल्याची, दोन सासूबाईंना सांगितलेल्या. मी स्वतःला खोटारडी समजत नव्हते. रेघा नसत्या तर आजही समजले नसते.

तेव्हापासून मी म्हणते, 'आजोबा, आता वेळ होत आली आहे, दोन पासबुकं करून देते, तिसरं उद्या.' वेळ तेवढाच जातो.

या शिलासाठी सगळ्यात उपयोगी बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, केलेला उपदेश आहे. राहुल लहान होता. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवून बुद्ध म्हणाले, जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज वाटत नाही त्याचं श्रामण्य (भिक्षूपण) एवढंसंच असतं. मग त्यांनी ते पाणी फेकलं, भांडं उपडं केलं, पुन्हा उलथून रिकामं दाखवलं. आणि विचारलं, राहुल, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसंच शरीराने, वाणीने, मनाने काहीही करण्याआधी, करताना आणि केल्यावर पुन:पुन्हा पाहा : याने मला किंवा दुसऱ्याला पीडा होणार आहे का? सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे जे उपदेश नावानिशी सांगितले, त्यात खोटं बोलण्याबद्दलचा हा राहुलोवाद आहे.

व्हॉट्सअ‍ॅपला हा आरसा तंतोतंत लागू पडतो. फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा : हे खरं आहे हे मला माहीत आहे का, याचा कुणाला उपयोग आहे का, आत्ता पाठवायची वेळ आहे का. एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर पाठवू नका. आणि खोटं बोलणं हा वाचेच्या दोषांचा एकच प्रकार झाला. चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड हे आणखी तीन आहेत. 'मी खरंच बोलते, मग कुणाला लागलं तर लागलं' असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी कठोर वाचेचा आठवडा जरूर करावा.

राग आला की

श्रावस्तीत वेदेहिका नावाची घरमालकीण होती. शांत, सौम्य म्हणून तिची ख्याती. तिच्या दासीला, कालीला, प्रश्न पडला : बाईंना राग येतच नाही, की मी कामं वेळेवर करते म्हणून दिसत नाही? ती मुद्दाम उशिरा उठली. मालकीण चिडली. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा, तर बोल लावले. तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा, तेव्हा वेदेहिकेने दाराचा अडसर तिच्या डोक्यात घातला. काली रक्ताळलेल्या डोक्याने शेजारपाजाऱ्यांकडे गेली. बुद्ध ही गोष्ट भिक्षूंना सांगत होते, पण मला ती आमच्या सोसायटीतली वाटते. कामवाल्या ताई तीन दिवस आल्या नाहीत की आपण कोण आहोत ते कळतं.

रागाच्या वेळी करायचं ते असं. पहिल्यांदा राग शरीरात शोधा : कान तापलेत, जबडा आवळलाय, छातीत धडधड आहे. मनात नोंद करा, 'हा राग आहे'. 'ती अशीच आहे' ही गोष्ट सुरू होऊ देऊ नका. तीन श्वास. मग बोला, किंवा म्हणा, 'मी दहा मिनिटांनी बोलते.' बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे : दुखलं हा पहिला बाण, आणि त्यावर तळमळत, कुढत बसणं हा आपणच मारून घेतलेला दुसरा. पहिला आपल्या हातात नसतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण ध्यानाच्या नावाखाली ती दडपली जाते. शांत राहणं म्हणजे अपमान गिळणं नव्हे. ज्यांनी आम्हाला 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात हा धम्म दिला, त्याच बाबासाहेबांनी 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याला हात लावला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मांडलंय की माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसांचा संबंध आला की धम्म लागतो. तेव्हा कुणी गोड आवाजात 'तुमचं मूळ आडनाव काय हो?' असं विचारलं, तर मी तीन श्वास घेते आणि सरळ विचारते, 'ते कशासाठी हवंय?' आवाज चढत नाही. पण प्रश्न त्यांच्याकडे परत जातो. अन्यायाची तक्रार करायची असेल तर लेखी करा, तारीख-वेळ घालून. त्या तीन श्वासांमुळे तक्रारीचा मसुदा चांगला होतो.

पैसा आणि पाचवं शील

सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला बुद्धांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितलं : एक उपभोगाला, दोन व्यवसायात, चौथा अडीनडीसाठी. पगारदाराला हे जसंच्या तसं जमणार नाही, पण पगाराच्या दिवशीच चौथा नाही तर निदान दहावा भाग बाजूला काढा, आणि एक ठरावीक रक्कम दानाची ठेवा. पन्नास रुपये असले तरी चालेल, नेम मोडू नका. संपत्तीच्या नाशाची जी सहा दारं त्यांनी सांगितली त्यात दारू आहे, जुगार आहे. जुगार आता मोबाइलवरही आला आहे, एवढाच फरक.

दारूबद्दल हळदीच्या रात्री आग्रह होतो. 'मी घेत नाही' एवढंच म्हणायचं. कारणं देत बसलं की समोरचा एकेक कारण खोडत जातो.

महिन्यातून एक दिवस

अष्टमी, अमावास्या आणि पौर्णिमा हे उपोसथाचे, म्हणजे जास्तीचे नेम पाळायचे दिवस. नोकरदाराने सुरुवात फक्त पौर्णिमेपासून करावी. अष्टशील, म्हणजे त्या दिवसापुरते आठ नेम, घेतलं तर दुपारी बारानंतर जेवण नसतं. मधुमेह किंवा पित्त असेल तर ते सोडून बाकीचं पाळा. संध्याकाळी विहारात जा, मोबाइल घरी ठेवून. आषाढ ते आश्विन पौर्णिमा वर्षावासाचे (भिक्षू पावसाळ्यात एकाच जागी राहतात ते) तीन महिने आपल्याकडे विहारांतून ग्रंथवाचन चालतं. तिथे जा, आणि एखाद्या दिवशी वाचायला स्वतः बसा. एकटीने केलेली साधना तीन महिन्यांत बारगळते; विहारातल्या आजी 'काल दिसली नाहीस गं' म्हणाल्या की पुन्हा सुरू होते. आनंद नावाच्या आपल्या शिष्याला बुद्धांनी सांगितलं होतं की कल्याणमित्र, म्हणजे चांगल्या वाटेवरचे सोबती, असणं हे अर्धं नव्हे, सबंध धम्मजीवन आहे.

रात्री दहा मिनिटं

दिवे मालवण्याआधी आठवड्याच्या शिलाचा हिशेब करा. आज कुठे पाळलं गेलं, कुठे निसटलं, निसटण्याआधी शरीरात काय होत होतं. दोन ओळी वहीत, तारखेसह. उरलेली पाच-सात मिनिटं मैत्रीभावना, म्हणजे एकेकाला मनात आणून त्याचं भलं चिंतणं. क्रम ठरलेला ठेवा. आधी स्वतः : मी सुखी होवो, वैरमुक्त होवो. मग ज्याने आपल्यावर उपकार केले असा कुणी. मग ज्याच्याशी ना प्रेम ना भांडण असा. मी आमच्या गेटवरच्या वॉचमनला आणते, त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला पहिल्या दिवशी मला वेळ लागला, आणि मी रोज त्यांच्यासमोरून जात होते. शेवटी ज्याच्याशी बिनसलं आहे तो.

हा शेवटचा माणूस निवडताना घाई करू नका. ज्याने खोल दुखावलं आहे त्याला पहिल्या महिन्यात आणूच नका. रांगेत धक्का देणाऱ्यापासून सुरुवात करा. माझ्या यादीत एक वरिष्ठ आहेत. त्यांचं नाव मनात आलं की अजूनही पोटात आवळतं. तसं झालं की मी त्यांना तिथेच ठेवून परत स्वतःपाशी येते, मग आई, मग वॉचमन. कधी पुन्हा त्यांच्यापर्यंत पोचते, कधी त्याआधीच 'भवतु सब्ब मंगलं' म्हणून डोळे उघडते आणि मुलाचं पांघरूण सारखं करायला उठते.